पेशी काय खातात

आमच्या घरात कॅप्सूल येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिली तर मी औषधाच्या दुकानात विचारते, याचीच गोळी आहे का, पातळ औषध आहे का. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावराच्या हाडाकातड्यापासून करतात. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्तींना, हे पुस्तकातून कळलेलं नाही. फार वर्षांपूर्वी त्यांनी निपाणीतल्या औषध दुकानदाराला विचारलं, "हे एवढं चकाकतंय ते कशानं?" आणि त्याला उत्तर देता येईपर्यंत त्या दुकानाच्या पायरीवरून हलल्या नाहीत. तेव्हापासून तो दुकानदार आमच्यापैकी कुणी दिसलं की आधी पाकीट उलटं करून वाचतो, मग देतो.

मी स्वतः एवढी कडक नाही. आम्ही जैन; कंदमुळं आमच्यात चालत नाहीत, तरी बेळगावला कॅम्पात बहिणीकडे गेले की बटाटेवडा खाते. आत्तींना ते ठाऊक आहे. "तिथं खा, हितं नगं," एवढंच म्हणतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही बाई धर्माची बाजू मांडते आहे. मी रागावलेली आहे आणि त्या रागाचं कारण वेगळं आहे.

आमचं शेती-औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नवरा बघतो, साठा आणि मुदत मी बघते. कोणत्या डब्यात कशाचे किती टक्के आहेत हे वाचल्याशिवाय मी डबा फळीवर ठेवत नाही. त्यामुळे 'त्यात काय आहे' हा प्रश्न आमच्या घरात दोघी विचारतात. आत्ती पापासाठी, मी सवयीनं.

गेल्या वर्षी बस्तीच्या, म्हणजे आमच्या मंदिराच्या, ओल्या पायरीवरून आत्ती घसरल्या. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजला आणि सूज उतरल्यावरही पाय टेकवेना. बेळगावच्या एका मोठ्या रुग्णालयात तपासणी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं पातळ गुळगुळीत आवरण असतं, ज्याला आपल्याकडे गुडघ्याची गादी म्हणतात. बाकीची गादी आत्तींच्या वयाच्या मानानं चांगली होती. फक्त एका जागी नाण्याएवढा तुकडा निघून गेला होता आणि तिथं खड्डा पडला होता. कातडी फाटली तर भरून येते, हाड मोडलं तर जुळतं, पण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती आपण होऊन भरून येत नाही, असं ते म्हणाले. अख्खा सांधा बदलण्याइतकं काही झालेलं नाही, आणि तसंच सोडलं तर खड्डा वाढत जाणार.

आत्तींना त्या गुडघ्यावर कशासाठी उभं राहायचं होतं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चातुर्मासात आमच्या भागात दिगंबर मुनी मुक्कामाला असले की श्रावकांच्या, म्हणजे आम्हा गृहस्थांच्या, घरी त्यांचा आहार होतो. सकाळी दारात कलश घेऊन उभं राहायचं. मुनी थांबले तर त्यांच्याभोवती तीन प्रदक्षिणा घालायच्या आणि त्यांना आत न्यायचं. मुनी उभ्यानं, हाताच्या ओंजळीत अन्न घेतात, देणाऱ्यानंही तेवढा वेळ उभंच राहायचं. आणि घास देण्याआधी देणाऱ्यानं तोंडानं म्हणायचं असतं की माझं मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, अन्न आणि पाणी शुद्ध आहे. आत्ती लग्न होऊन आल्यापासून हे करत आल्या. त्यांनी कधी तीर्थयात्रेचा हट्ट धरला नाही, दागिना मागितला नाही. हे एक त्यांचं होतं. पडल्यानंतर त्या बस्तीत मागच्या भिंतीला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायला लागल्या. बाकी सगळ्या बायका खाली. घरी येऊन म्हणाल्या, "सगळ्यांच्या डोक्याच्या वर बसून कसली गं माझी भक्ती?"

तेव्हा डॉक्टरांनी त्या नव्या उपचाराची गोष्ट काढली. एक अभ्यास चालू होता. त्यात निवडक रुग्णांवर हा उपचार करून बघत होते आणि आत्ती त्यात बसत होत्या.

"सगळं तुमचंच असतं आजी," डॉक्टर म्हणाले. "कंबरेच्या हाडातून थोडी मज्जा काढायची. त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करायच्या. त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या, मग त्यांना कूर्चेच्या पेशी व्हायला लावायचं, एका जाळीत बसवायच्या आणि तो तुकडा खड्ड्यात भरायचा."

आत्ती म्हणाल्या, "म्हंजे इरजण लावल्यागत."

"अगदी बरोबर. विरजणच."

"मग दूध कुणाचं?"

डॉक्टर मोठ्यानं हसले. शेजारी बसलेला माझा नवराही हसला, आणि मीही. "दूध कसलं हो आजी! साखर-मिठाच्या पाण्यात वाढतात त्या," डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, "बाहेरचं काही, जनावराचं काही त्यात असतं का? आमच्या घरी चालत नाही."

"तुमच्या गुडघ्यात जे जाईल ते शंभर टक्के तुमचं. जाळी तेवढी बाहेरची."

"जाळी कशाची?"

"समुद्रातल्या शेवाळापासून काढलेल्या पदार्थाची. पूर्ण शाकाहारी." ते खुशीत होते.

आत्ती खुशीत नव्हत्या. "शेवाळात अनंत जीव असत्यात, डॉक्टर. आमी शेवाळावर पाय पडला तरी वाईट वाटून घेतो."

हे बोलणं बरंचसं कानडीत झालं. आम्हाला दोघींना कानडी चांगलं येतं, तेव्हा भाषेवर खापर फोडता येणार नाही. किती रुग्णांना फरक पडला हेही मी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा मी इथं लिहीत नाही, कारण मला तो नंतर कुठे पडताळून बघता आला नाही.

आत्तींनी शेवाळावर विचार करायला दोन दिवस मागितले. घरी येऊन जपाची माळ घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "शेवाळ एकेंद्रिय, सगळ्यात खालचा जीव हाय. पाप हाय, पर मी जाणूनबुजून पदरात घेतो. त्येच्याबद्दल फुडच्या चातुर्मासात पालेभाजी सोडली." संपलं. त्यांनी प्रश्न समजून घेतला, तोलला, स्वतःची किंमत ठरवली आणि होकार दिला. माणूस ठरवतं ते असं. त्याला आधी सांगावं लागतं.

कंबरेच्या हाडातून मज्जा काढली. त्या दिवशी त्या कण्हल्या नाहीत, नंतर गाडीत मात्र एवढंच म्हणाल्या, "सुई न्हवं, पहार हुती ती." मग वाट बघणं सुरू झालं. पेशी वाढायला काही आठवडे लागणार होते.

मधल्या काळात आत्तींच्या रक्ताच्या तपासणीचा कागद द्यायला मी एकटीच बेळगावला गेले. डॉक्टरांना म्हटलं, सासूबाईंच्या पेशी बघायला मिळतील का? त्यांना आनंद झाला. त्यांनी मला प्रयोगशाळेत पाठवलं. काचेच्या अलीकडेच उभं राहायचं होतं. आत पांढऱ्या कोटातली एक तरुण बाई काम करत होती. ती बाहेर आली आणि पडद्यावर चित्र दाखवलं. लांबट, टोकदार पेशी, वाऱ्यानं एका अंगाला कललेल्या गवतासारख्या. मी कितीतरी वेळ बघत राहिले. आत्ती निपाणीत चुलीपुढं बसलेल्या आणि त्यांचा एक भाग इथं, शरीराएवढ्याच उबेच्या कपाटात, चपट्या बाटल्यांतल्या गुलाबी पाण्यात जगत होता. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

"दर दोन-तीन दिवसांनी त्यांना नवं पाणी घालते मी," ती बाई म्हणाली. "उपाशी ठेवून चालत नाही."

"काय खातात?" मी विचारलं.

ती सरळ मनाची होती. बोटांवर मोजत म्हणाली, "साखर, क्षार, जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं. आणि सीरम. म्हणजे रक्तातला पातळ भाग. त्याशिवाय नीट वाढत नाहीत."

"कुणाचं रक्त?"

"वासराचं. गर्भातल्या." तिच्या तोंडून गेलं.

मी विचारलं, किती असतं. साधारण दहा टक्के, ती म्हणाली. ते कसं काढतात हेही विचारलं. उत्तर नको होतं, पण अर्धवट माहिती घेऊन मला घरी जाता येत नाही. परदेशात गाभण गाय कत्तलीला गेली की पोटातल्या वासराच्या काळजात सुई घालून रक्त काढतात. जगभर अनेक प्रयोगशाळांत हेच वापरतात, यात लपवण्यासारखं काही नाही, असं ती म्हणाली. मी विचारलं, दुसरा मार्ग नाही का. आहे की, ती म्हणाली. माणसाच्या रक्तातल्या प्लेटलेटचा अर्क वापरतात, काही ठिकाणी रुग्णाचंच सीरमही वापरतात. पण या अभ्यासाची पद्धत आधीच मंजूर होऊन बांधली गेली आहे, एका रुग्णासाठी बदलता येत नाही.

दूध कुणाचं, असं त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. विरजणाला दूध लागतं हे तिला ठाऊक होतं. आणि आम्ही तिघं शिकलेली माणसं त्यावर हसलो होतो. त्यातल्या एकाला उत्तर माहीत होतं.

मी जिना उतरून थेट डॉक्टरांच्या खोलीत गेले. बाहेरच्या बाईनं थांबायला सांगितलं, मी थांबले नाही. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही विचारलं होतं, त्यात जनावराचं काही असतं का," ते म्हणाले. "नसतं. शेवटी सगळं धुऊन घेतो. राहिलंच तर नाममात्र. मी खोटं बोललो नाही."

"सासूबाईंनी दूध कुणाचं विचारलं तेव्हा तुम्ही साखर-मीठ म्हणालात."

"नव्वद टक्के तेच असतं."

"म्हणजे जेवढे टक्के वासरू, तेवढेच टक्के तुम्ही गाळलंत."

ते जरा चिडले. "हे बघा ताई, शेवाळावर त्यांनी दोन दिवस घेतले. शेवाळावर! वासराचं सांगितलं असतं तर त्या आल्याच नसत्या, आणि दोन वर्षांनी सांधा बदलायला आल्या असत्या. मी त्यांच्या भल्याचंच बघितलं."

मला अजून कुणी हे वाक्य म्हणालं की कानशिलं तापतात. त्यांना माहीत होतं की ती नाही म्हणेल. माहीत होतं म्हणूनच सांगितलं नाही. विसरले असते तर मी माफ केलं असतं. ही सांगण्याजोगी गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नसतं, तरी माफ केलं असतं. पण त्यांना तिचं उत्तर ठाऊक होतं, आणि ते ऐकायला लागू नये म्हणून त्यांनी प्रश्नच पुसून टाकला. हाडातून मज्जा काढताना सही तिची घेतली, मत मात्र स्वतःचं वापरलं.

घरी आल्यावर नवऱ्याला दुकानातच गाठलं. गिऱ्हाईक गेल्यावर सगळं सांगितलं. तो काट्याच्या पारड्यावर बोट टेकवून उभा राहिला.

"आईला सांगू नगंस," तो म्हणाला.

"का?"

"ती उभी ऱ्हाया पायजे. बास. वासराचं काय ते आपण दोघं सोसू."

"आपण कसं सोसणार? गुडघा त्यांचा आहे."

"आणि ह्ये काय हाय?" त्यानं फळीकडे हात केला. "आळी मारायचं, तुडतुडा मारायचं. आपुन रोज इकतोय. आईनं ह्याच दुकानाचं खाल्लंय. आणि आता तू एका वासराचं घेऊन बसलीस, व्हय?"

त्याचं प्रेम मला दिसत होतं. गेले कित्येक महिने तो आईला दोन्ही हातांनी उचलून गाडीत बसवत होता. पण डॉक्टरचं आणि त्याचं वाक्य एकच होतं, फक्त एकानं कोट घातला होता आणि एकानं नव्हता. मी त्याला तसं म्हटलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आणि मीही पुढाकार घेतला नाही.

मी आत्तींना दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. आडाचं पाणी गाळायचं काम चाललं होतं. आमच्यात पाणी जाड फडक्यातून गाळतात आणि मग ते फडकं उलटं करून, धुऊन, अडकलेले जीव ज्या आडातून पाणी आलं त्यातच परत सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. पडल्यापासून हे काम मी करायचे आणि त्या पाटाऐवजी स्टुलावर बसून लक्ष ठेवायच्या. मी फडकं धरूनच सगळं सांगितलं, एकही शब्द न वगळता, टक्क्यांसकट.  शेवटी त्यांनी विचारलं, "वासरू पाडा हुतं का कालवड?"

"ते कुणी बघत नाही, आत्ती."

"आदी जिवाणी सोड. फडकं वाळाय लागलंय," त्या म्हणाल्या. मी आडात जिवाणी सोडून आले तेव्हा त्या स्टुलावरून उठून भिंतीला धरून उभ्या होत्या. "मला त्या डॉक्टरकडं ने. त्येच्या तोंडनं ऐकायचंय."

नवऱ्यानंच गाडी काढली.  डॉक्टरांच्या खोलीत आत्ती खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा आता. काय घालता?"

डॉक्टरांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, पण नीट सांगितलं. मग म्हणाले, "पण आजी, ते वासरू तर गेलंच. तुम्ही नाही म्हणालात म्हणून ते उठून उभं राहणार नाही."

"बाटली संपल्यावर दुसरी आणता न्हवं?"

"आणावी लागते."

"मी व्हय म्हटलं की दुसऱ्या बाटलीलाबी माझं व्हय हाय. करणं, करवून घेणं आणि बरं झालं म्हणणं, तिन्हीचं पाप सारखंच असतंय आमच्यात."

तेव्हा माझा नवरा बोलला. "आई, मग दुकानाचं काय? औषध इकतोच की आपुन."

आत्ती त्याच्याकडे वळल्या. "त्ये मला ठाऊक हाय रं. तुझा बाप दुकान घालत हुता तवाच न्हाई म्हटलं हुतं मी. ऐकलं न्हाई. त्येच्यानंतर डोळ्यांनी बघत, जाणून खाल्लं. त्ये पाप माझं मी माझ्या नावावर घेतलंय. ह्ये दुसऱ्यानं घातलं माझ्या नावावर, मला न इच्यारता. फरक कळतोय का?"

 मी इतकी वर्षं जे धड शब्दांत मांडू शकले नव्हते ते त्यांनी मांडून झालं होतं.

मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "न्हाई म्हटलं तर माझ्या पेशींचं काय करता?"

"नष्ट कराव्या लागतात."

"जित्या हायत न्हवं?"

"पेशी जिवंत असतात. पण तो काही जीव नव्हे."

"त्ये तुमी नगा सांगू. जिथनं काढल्या तिथं परत सोडता येत न्हाईत?"

डॉक्टर पुढे सरकले. त्यांचा चेहरा उजळला. "आजी, तेच तर करायचं आहे! तुमच्या पेशी तुमच्यातच परत सोडायच्या."

मी आत्तींकडे बघितलं. हे त्यांना लागलं होतं. अडकलेला जीव ज्याचा त्याच्या पाण्यात परत सोडायचा, यावर त्यांचा सगळा दिवस उभा आहे. डॉक्टरांना जिवाणीबद्दल काही माहीत नव्हतं, पण नेमक्या जागी हात पडला होता. आत्तींनी पुन्हा दोन दिवस मागितले. या वेळी डॉक्टर हसले नाहीत.

ते दोन दिवस घरात कठीण गेले. नवरा आईच्या पायाला तेल चोळताना मुद्दाम म्हणायचा, "परत सोडायचंच हाय की आई, पुण्यच हाय." मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मला राग सांगितलं नाही याचा होता. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी त्यांना स्वतः घेऊन गेले असते. मुनींना विचारावं असं कुणीतरी सुचवलं, तर आत्ती म्हणाल्या, "त्येंच्या डोसक्यावर कशाला? गुडघा माझा हाय."

तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. "जिवाणी आपण सोडतो ती हुती तशी सोडतो. दुसऱ्याचं रगत पाजून सोडत न्हाई. न्हाई म्हणून कळीव." आणि जरा थांबून, "पेशी मारतील तवा घरचं कुणीतरी असावं तिथं. तू जा. त्या दिवशी माझा उपास."

गुडघ्याचं पुढं एवढंच झालं की दुर्बिणीतून आत साफसफाई केली. दुखणं थोडं कमी झालं. या चातुर्मासात मुनी दाराशी थांबले तेव्हा आत्ती चौकटीला धरून जागेवरच उभ्या राहिल्या आणि प्रदक्षिणा मी घातल्या. आत घास द्यायला त्यांना उभं राहवलं नाही. त्या पडद्यामागं बसून ऐकत होत्या. बायका म्हणतात, केवढा त्याग. मला तो शब्द ऐकवत नाही. दुसरी पद्धत होती. माणसाच्याच रक्तातला अर्क होता, तिचंच सीरम होतं. एवढ्या मोठ्या जागेत, जिथं हाडातल्या पेशीपासून गादी वाढवतात, तिथं आमच्या भागातली निम्मी घरं काय खातात आणि काय खात नाहीत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि आलं तेव्हा ते दडपायचं ठरलं. त्याग कसला, हा तोटा आहे आणि तो फुकटचा आहे.

पेशी नष्ट करायच्या दिवशी मी गेले. प्रयोगशाळेतल्या बाईला माझ्या येण्याचं नवल वाटलं, पण तिनं नकार दिला नाही. काचेतून बघितलं. तिनं बाटल्या ओळीनं ठेवल्या आणि प्रत्येकीत ब्लीच ओतलं. गुलाबी रंग उडाला, बाटल्या साध्या पाण्यासारख्या दिसू लागल्या. ती बाहेर येऊन म्हणाली, "मी त्या दिवशी सांगायला नको होतं का?"

"तुम्ही एकटीनंच सांगितलंत," मी म्हटलं.

खाली डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई नवऱ्याला घेऊन बसली होती. तो वीज मंडळात लाइनमन, खांबावरून उतरताना गुडघा पिरगळलेला, काठी मांडीवर आडवी धरलेला. दोघं गुंजी गावाकडची होती. आमचं बोलणं लगेच जमलं. त्यांनाही तोच उपचार सांगितला होता, पुढच्या आठवड्यात मज्जा काढणार होते.

"सगळं ह्येंचंच म्हणत्यात," ती म्हणाली. "बाहेरचं काय न्हाई."

मी तिला सांगितलं. विरजण, गुलाबी पाणी, दहा टक्के, वासरू, ते कुठून येतं, दुसरी पद्धत कोणती. सासूबाईंनी काय ठरवलं हे मात्र सांगितलं नाही. तिनं विचारलं तेव्हा म्हटलं, "त्यांनी त्यांचं ठरवलं. तुम्ही तुमचं ठरवा."

तेवढ्यात डॉक्टर दारात आले. मी काय सांगत होते ते त्यांनी ऐकलं असावं. "ताई, तुम्ही माझे पेशंट घालवताय," ते म्हणाले. आवाज खालचा होता, पण कोरडा.

"तुम्ही सांगितलं असतं तर मला सांगायला लागलं नसतं."

ते काही बोलायच्या आत ती बाईच बोलली. "डॉक्टर, गाईचं वासरू?"

"हो."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो काठीच्या टोकाकडं बघत होता. दोघांचं डोळ्यांनीच काहीतरी झालं. मग ती म्हणाली, "आमच्या गोठ्यात दोन गायी हायत. वाईट वाटतंय, न्हाई कशाला म्हणू. पर ह्येंना खांबावर चढाय पायजे, घर त्येच्यावर हाय. आमी करणार. तुमी करा." आणि थोडं थांबून, "पर आमी आलतो त्याच दिवशी सांगाय काय झालंतं तुमाला?"

डॉक्टर दारातच उभे राहिले. त्यांना वाटलं होतं, सांगितलं की माणसं पळून जातात. इथं एकीनं ऐकून नाही म्हटलं होतं आणि दुसरीनं ऐकून हो. एक वाक्य लागलं असतं, तेही मज्जा काढायच्या आधी. मी त्यांच्या उत्तरासाठी थांबले. ती बाईही थांबली होती. आत कुणीतरी त्यांना हाक मारली तेव्हा ते वळून गेले.